पोस्टातलं नेमकं कोणतं खातं, ताई?

पत्राचा सारांश: इंदूरच्या राजेंद्र नगर भागातल्या एक वाचक घरून फराळ आणि मसाल्यांचा व्यवसाय करतात. भाजणी, मेतकूट, चिवडा, चकली, लाडू, गोडा मसाला. मदतीला दोघी जणी. महिन्याची विक्री साधारण १,८०,००० रुपये. त्यातले लाखभर मोबाइलवरून येतात, ८०,००० रोख. रोखीतले ४५,००० मजुरी, गॅस, पॅकिंग, रिक्षा यांत तिथल्या तिथे जातात, ३५,००० खात्यात भरायचे उरतात. आजवर हे सगळं पतीबरोबरच्या संयुक्त बचत खात्यात जात होतं. आता बँकेने सांगितलंय की धंद्यासाठी चालू खातं उघडा, त्यात १०,००० रुपये कायम ठेवा. शाखा तीन किलोमीटरवर आणि रांगेत सकाळ जाते. पोस्ट पाच मिनिटांवर, पोस्टमन काका ओळखीचे. त्या विचारतात, "माझा काही मोठा धंदा नाही, घरगुतीच आहे. सगळा व्यवहार पोस्टात नेला तर? तिथे खर्च नाही, व्याजही मिळतं. भाचा मात्र म्हणतो, पोस्ट म्हणजे पेन्शनवाल्यांची जागा, उद्या कर्ज लागलं की पस्तावशील. मला वर्षभरात ९०,००० रुपयांचं दळणयंत्र घ्यायचं आहे."

ताई,

पत्रात तुम्ही "घरगुतीच" हा शब्द दोनदा लिहिलाय. महिन्याला १,८०,००० म्हणजे वर्षाला २१,६०,००० रुपयांची विक्री. दोन घरांची मजुरी त्यातून निघते. हा धंदा आहे, आणि त्याला स्वतःचं खातं हवं. बँकेने तुम्हाला सांगितलं ते त्रास द्यायला नव्हे. बचत खातं धंद्याच्या उलाढालीसाठी नसतं, हा नियमच आहे. पोस्टात गेल्याने तो बदलत नाही. तेव्हा "बँक की पोस्ट" हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि आधी पोस्टात गेल्यावर तुम्ही कोणतं खातं मागणार आहात ते पाहू.

कारण पोस्टाच्या एका छपराखाली दोन वेगळी दुकानं आहेत, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

पहिलं, डाकघर बचत बँक. १८८२ पासूनची, तुमच्या आईकडे जिचं पासबुक असेल ती. ठेवीला केंद्र सरकारची हमी, बचत खात्यावर ४ टक्के व्याज, ५०० रुपयांची किमान शिल्लक. पण हे बचत खातं व्यक्तीचं असतं, एकट्याचं किंवा संयुक्त. "अमुक गृहउद्योग" या नावाने ते निघत नाही. आणि ज्या व्याजाच्या ओढीने तुम्ही निघालात, ते कसं मोजतात तेही पाहा. दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. समजा २६ तारखेपर्यंत खात्यात ६०,००० होते आणि २७ ला सियागंजच्या घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्याचं डाळ-मसाल्याचं बिल भागवलं, शिल्लक ३,००० वर आली. त्या महिन्याचं व्याज ३,००० वर, म्हणजे १० रुपये. फिरत्या पैशाला या खात्यात व्याज मिळतं म्हणणं फारसं खरं नाही. ते खातं पडून राहणाऱ्या पैशासाठी उत्तम आहे.

दुसरं, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. १ सप्टेंबर २०१८ पासून देशभर सुरू झालेली, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची. खिडकी बहुधा तीच, माणूसही तोच, पण बँक वेगळी. इथे चालू खातं उघडता येतं, क्यूआर मिळतो, पोस्टमन घरी येऊन व्यवहार करू शकतो. तुमच्या कामाचं खातं हे. ठेवीला इतर बँकांसारखंच ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. चालू खात्यावर व्याज कुठेच नसतं, इथेही नाही.

पैसे कोणत्या बँकेत जायचे ते सांगणारे दोन्हींचे आयएफएससी कोडही वेगळे आहेत. पेमेंट्स बँकेचा: आय-पी-ओ-एस, पुढे सहा शून्यं आणि १. बचत बँकेचा: आय-पी-ओ-एस, पुढे चार शून्यं आणि डी-ओ-पी. एखादी सोसायटी किंवा दुकानदार तुम्हाला एनईएफटीने, म्हणजे खात्यातून खात्यात, पैसे पाठवणार असेल आणि तुम्ही खातं एकाचं, कोड दुसऱ्याचा दिलात, तर पैसे परत फिरतात आणि ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत आठवडा चौकशीत जातो. दोन्ही कागदावर लिहून डब्यांच्या फळीवर चिकटवून ठेवा.

आता "खर्च नाही" याबद्दल. मोबाइलवरून आलेल्या पैशाला खरोखर खर्च नाही. ग्राहकाने बँक खात्यातून यूपीआय केलं तर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, हे २०२० पासून ठरलेलं आहे. रोख भरायला मात्र खर्च आहे. जानेवारी २०२२ पासून पेमेंट्स बँकेने लावलेल्या दरांत, चालू खात्यात महिन्याला १०,००० पर्यंत रोख भरणा मोफत, त्यापुढे अर्धा टक्का, पण दर भरण्याला किमान २५ रुपये. काढताना २५,००० पर्यंत मोफत, पुढे तोच अर्धा टक्का आणि तेच किमान २५. वर जीएसटी. (दर बदलतात, खातं उघडण्याच्या दिवशी चालू दरपत्रक मागून घ्या, ते दाखवणं त्यांचं काम आहे.)

यातला "किमान २५" हा शब्द छोट्या धंद्याला महाग पडतो. तुमचे ३५,००० पाहू. रोज संध्याकाळचे १,४०० दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचे असं पंचवीस दिवस केलंत, तर पहिले सात भरणे मोफत, उरलेल्या अठरांना प्रत्येकी २५, म्हणजे ४५० आणि जीएसटी धरून ५३१ रुपये. तेच ३५,००० आठवड्याला ८,७५० असे चारदा भरलेत, तर १२५ आणि जीएसटी मिळून १४७ रुपये ५० पैसे. पैसा तोच, फरक फक्त खेपांचा. ५,००० च्या आतला भरणा शक्यतो करूच नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. घरात आठवड्याची आठ-नऊ हजारांची रोख ठेवणं जिवाला घोर वाटत असेल तर सात दिवसांऐवजी पाच दिवसांनी जा, पण रोज नको.

रोख भरून पुन्हा रोख काढणं, हा दुसरा गळका नळ. मजुरी आणि गॅससाठी लागणारे पैसे गल्ल्यातूनच द्या, वहीत तारखेसकट लिहा. आधी भरून मग काढलेत तर दोन्ही बाजूंनी मर्यादा खाल्ली जाते. मदतनिसांच्या खात्यात थेट मजुरी टाकायची असेल तर तेवढी रोख जास्त भरावी लागेल: २०,००० मजुरीमागे १०० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ११८. मला विचाराल तर हे ११८ द्यावेत. मजुरी दिल्याची नोंद राहते, आणि त्या दोघींच्या नावावरही दर महिन्याला येणारं उत्पन्न दिसू लागतं; उद्या त्यांना कर्ज मागायचं झालं तर ते उपयोगी पडेल.

आता बँकेच्या बाजूने प्रामाणिक हिशेब मांडायला हवा. १०,००० रुपये कायम अडकून राहणार, याचं तुम्हाला ओझं वाटतंय. ४ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज ४०० रुपये. पोस्टातल्या साप्ताहिक भरण्याचा वर्षाचा खर्च १,७७० रुपये. म्हणजे नुसते आकडे पाहिले तर बँक स्वस्त पडू शकते, जर तिथे तुमच्या ३५,००० चा भरणा मोफत मर्यादेत बसत असेल आणि शिल्लक कधीच दहाच्या खाली जाणार नसेल. बँकेत जाऊन हेच दोन प्रश्न विचारा: महिन्याला किती रोख मोफत भरता येते, आणि शिल्लक कमी पडली तर दंड किती. शिल्लक रोजची धरतात की महिन्याची सरासरी, तेही. दिवाळीआधी सियागंजला मोठी खरेदी होते तेव्हा शिल्लक तळाला जाते आणि दंड नेमका तेव्हाच लागतो. दुसरीकडे, तीन किलोमीटर जाऊन-येऊन रांगेत गेलेली सकाळ म्हणजे चकलीचे किती घाणे, ते माझ्यापेक्षा तुम्हालाच नीट ठाऊक आहे. शिवाय दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, पोस्ट उघडं असतं.

तुमच्यासारखीला, जिची निम्म्याहून जास्त विक्री मोबाइलवर आहे, पोस्टातलं चालू खातं बसतं. ज्यांची सगळीच विक्री रोखीत आहे, त्यांनी मात्र दोनदा विचार करावा. तुमच्याइतकेच १,८०,००० कोणी रोखीत भरले तर शुल्क ८५० आणि जीएसटी मिळून महिन्याला १,००३ रुपये होईल. अशा भाजीवाल्याला, दूधवाल्याला बँकेचं चालू खातं, किंवा आधी क्यूआर लावून रोख कमी करणं, हेच परवडेल. देवास, उज्जैन, महूहून याच विषयावर लिहिणाऱ्या वाचकांनीही आधी हा एक आकडा काढावा: महिन्याला भरायची रोख किती.

आणखी एक कुंपण आहे. पेमेंट्स बँकेत दिवसअखेरची शिल्लक २ लाखांच्या वर राहू शकत नाही. एप्रिल २०२१ पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. वरची रक्कम जोडलेल्या डाकघर बचत खात्यात वळवण्याची सोय असते. ती तुमच्या चालू खात्याला लागू करून देतात का, हे खातं उघडतानाच विचारा. पण तिच्यावर विसंबू नका. नवरात्र ते दिवाळी तुमच्याकडे आगाऊ पैसे येतात. शिल्लक दीड लाखावर दिसली की त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याचं बिल भागवा किंवा पैसे दुसऱ्या खात्यात स्वतः वळवा.

भाच्याचं कर्जाबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पेमेंट्स बँक स्वतः कर्ज देऊ शकत नाही, परवान्यातच ते नाही. पण कर्ज बँकेकडूनच घ्यायचं आहे, आणि बँक मागते तो पुरावा: धंद्यात पैसे नियमित येतात का. आज तुमच्या संयुक्त खात्याच्या उताऱ्यात लाडवांचे पैसे, पतीचा पगार, विजेचं बिल आणि मुलाची फी एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यातून धंदा किती, हे कोणत्याही अधिकाऱ्याला शोधून काढता येणार नाही. पोस्टातल्या चालू खात्याचा सहा महिन्यांचा स्वच्छ उतारा त्याहून कितीतरी बोलका असतो. ९०,००० चं यंत्र छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेच्या किशोर गटात बसतं, म्हणजे ५०,००० च्या पुढे ते ५ लाखांपर्यंत. अर्ज तुमचं बचत खातं आहे त्याच बँकेत करा. म्हणून ते खातं बंद करू नका, फक्त त्यातून धंदा बाहेर काढा.

कागदपत्रं. पॅन, आधार, आधारला जोडलेला चालू मोबाइल. त्याशिवाय एकल मालकीच्या धंद्याच्या नावाने खातं हवं तर धंदा चालू असल्याचे दोन पुरावे मागतात: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), नगर निगमचा गुमास्ता (दुकान-धंद्याचा परवाना), जीएसटी असल्यास ते, किंवा आयकर विवरण. दोन जमत नसतील तर एकावर आणि जागेच्या तपासणीवर खातं देण्याची मुभा नियमात आहे, पण तो निर्णय बँकेचा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार-पॅनने होते आणि पूर्ण मोफत असते. दीड-दोन हजार मागणारं पान समोर आलं तर ते दलालाचं, लगेच बंद करा.

भाच्याला उत्साहाने मोबाइलवर पाच मिनिटांत खातं काढून देऊ देऊ नका. ते डिजिटल बचत खातं असतं. बारा महिन्यांत पोस्टात जाऊन पडताळणी केली नाही तर ते बंद होतं, आणि तोवर त्यात एकूण २ लाखांच्या वर जमा होत नाही. तुमच्या खात्यात महिन्याला १,३५,००० येतात, त्यांना ही मर्यादा जेमतेम दीड महिना पुरेल. वर ते बचत खातंच. खिडकीवर जा, बोटांचे ठसे देऊन पूर्ण पडताळणीचं खातं घ्या आणि "चालू" हा शब्द अर्जावर डोळ्यांनी पाहा.

तिथे आधार जोडणीचा प्रश्न येईल. सरकारी अनुदान या खात्यात हवं का, असा त्याचा अर्थ असतो. गडबडीत हो म्हटलं की गॅसचं अनुदान आणि आधारवर येणारे बाकीचे पैसे नव्या खात्याकडे वळतात, आणि घरात शोधाशोध सुरू होते. तुमच्या मदतनिसांपैकी कोणी राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे घेत असेल आणि तुम्ही तिचं खातं काढून देत असाल, तर तिला हे आधी समजावून सांगा. पैसे बुडत नाहीत, पण महिनाभर तिचा जीव टांगणीला लागतो.

पोस्टमन काकांबद्दल. घरपोच सेवेला दर खेपेला २० रुपये आणि जीएसटी, असा ऑगस्ट २०२१ पासूनचा दर आहे. पाऊस असेल, तब्येत बरी नसेल, तेव्हा जरूर बोलवा. पण ओळखीचे आहेत म्हणून पाकीट हातात देऊन "भरून टाका हो काका" असं कधीही करू नका. तुमच्या समोर यंत्रावर नोंद, तुमच्या मोबाइलवर संदेश, आणि मगच नोटा हातातून सुटतात. खिडकीवरही हेच. "सर्व्हर डाउन आहे, ठेवून जा" म्हटलं तर पैसे घेऊन परत या. यात अविश्वास नाही. उद्या आकडा जुळला नाही तर काकांची नोकरीही याच नोंदीवर वाचते.

नोटांचीही एक गोष्ट. फराळाच्या टेबलावरच्या नोटा तेलकट होतात, एकमेकींना चिकटतात, मोजताना एकाच्या जागी दोन जातात. रोज रात्री त्या कोरड्या फडक्याने पुसून, मूल्याप्रमाणे लावून, कागदाच्या पट्टीवर आकडा लिहून ठेवा. आठवड्याने खिडकीवर दोन मिनिटांत काम होतं.

बोटांचंही तसंच. रोज कणीक, बेसन, गरम तूप आणि भांड्यांचा साबण लागलेल्या बोटांच्या रेघा झिजतात. आधारच्या ठशावर पैसे काढताना तुमच्या मदतनिसांचा ठसा लागत नसेल, तर कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे आणि दुसरं बोट द्यायचं. आधारमध्ये दहाही बोटं असतात. तरी नाहीच जमलं तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यावेत, अनेक पोस्टांतच ते केंद्र असतं. "व्यवहार अयशस्वी" आला आणि खात्यातून पैसे गेले, तर लगेच पुन्हा ठसा देऊ नये. पावती घ्यावी, पाच दिवस थांबावं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे त्या मुदतीत पैसे परत आले पाहिजेत, नाही आले तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

तक्रारीची वाटही दोन दुकानांची दोन. पेमेंट्स बँकेसाठी आधी १५५२९९ वर फोन, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. डाकघर बचत बँक लोकपालाकडे येत नाही, तिची तक्रार टपाल खात्याकडेच.

तर येत्या सोमवारी साडेदहाला, काउंटर शांत असताना, कागद घेऊन जा आणि चार गोष्टी विचारा: चालू खातं धंद्याच्या नावाने निघेल की तुमच्या, किमान शिल्लक किती, आजचं रोख भरण्याचं दरपत्रक कुठे आहे, दोन लाखांच्या वरची रक्कम कुठे जाईल. उत्तरं पटली तर खातं काढा आणि त्याच दिवशी नवा क्यूआर टेबलावर लावा. जुना फाडून टाका. दोन्ही शेजारी राहिले तर नेहमीचे ग्राहक जुनाच स्कॅन करत राहतील आणि सहा महिन्यांनी यंत्राच्या कर्जासाठी जो उतारा दाखवायचा आहे, तो अर्धाच भरलेला असेल. ज्यांच्या मोबाइलमध्ये तुमचा जुना यूपीआय आयडी साठवलेला आहे, त्यांना गणपतीच्या ऑर्डरी घेतानाच नवा पाठवून द्या.

आणि भाच्याला यात घ्या. पैसे आल्याचं बोलून सांगणारा व्हॉइस बॉक्स कोणता लावायचा, महिन्याचा उतारा कसा उतरवायचा, हे त्याला चांगलं येत असेल. फक्त ओटीपी त्यालाही सांगायचा नाही.

तुमची,
सदरलेखिका

(उत्पन्न कर भरायचा कसा, असंही तुम्ही तळटीपेत विचारलंय. छोट्या धंद्याच्या अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, खात्यात थेट आलेल्या विक्रीवर ६ टक्के. बचत खात्यांत मिळून वर्षाला १० लाखांच्या वर रोख भरली तर त्याची माहिती आयकर खात्याकडे जाते, चालू खात्याला ही रेघ ५० लाखांवर आहे. तुमचा भरणा वर्षाला ४,२०,००० आहे, घाबरायचं कारण नाही. वही मात्र ठेवा.)